लक्षद्वीपचं पिट्टी पक्षी अभयारण्य – गोव्याहून जायचं प्लॅनिंग, कुणी सांगेल का?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी, वाळपईहून लिहितोय. आमच्या घरात बाबांमुळे सगळ्यांनाच पक्ष्यांचं वेड आहे, ते शाळामास्तर होते आणि रिटायर झाल्यापासून दुर्बीण गळ्यातून उतरत नाही. म्हादई, बोंडला, मोले, खोतीगाव, चोडण, कुडचड्याचं नंदा तळं, सगळं पुन्हा पुन्हा बघून झालंय. गेल्या पावसात मोठ्या वादळानंतर मोरजीच्या वाळूवर एक पक्षी दमून पडलेला दिसला, वरून काळा, खालून पांढराशुभ्र, वन खात्याचे लोक येऊन घेऊन गेले आणि म्हणाले सूटी टर्न आहे, हा किनाऱ्यावर राहणारा पक्षीच नाही, खोल समुद्रातला आहे. तेव्हापासून बाबांचं एकच चाललंय, हे जिथे घरटी करतात ते बघायचंय.

शोधल्यावर पिट्टी सापडलं. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीपासून २४ किलोमीटरवर वायव्येला, माणूस राहत नाही, झाड नाही, नुसती वाळू आणि प्रवाळाचे तुकडे, क्षेत्रफळ जेमतेम सव्वा हेक्टर, आणि १९९५ पासून अभयारण्य. एवढंच कळलं. पुढे कसं जायचं ते कुठेच नीट लिहिलेलं नाही.

मोपा विमानतळावरून अगत्तीला विमान आहे ते माहीत आहे. पण परमिट कुठून काढायचं, अगत्तीहून कवरत्ती आणि तिथून पिट्टी हे कसं जमवायचं, बेटावर उतरू देतात का, शक्य असेल तर एक रात्र तिथे तंबू टाकून राहायचा विचार आहे कारण संध्याकाळी पक्षी परतताना बघायचेत, कुठल्या महिन्यात जावं, आणि बाबा सत्तरीच्या जवळ आलेत, तब्येत ठणठणीत आहे पण त्यांना बोट लागते, तर हे सगळं झेपेल का? बायको पण येणार आहे. जो काही अनुभव असेल तो लिहा प्लीज.

भटक्या मडगावकर

लक्षद्वीप केलंय, पिट्टी लांबूनच बघितलंय, तर जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

पहिलं म्हणजे परमिट, तिकीट नंतर. हे उलटं करू नकोस. लक्षद्वीपमध्ये आपण भारतीय असलो तरी प्रवेश परवाना लागतो, १९६७ पासूनचे नियम आहेत. अर्ज ऑनलाइन होतो, पोलिस क्लिअरन्स लागतं, ते आपापल्या पोलिस स्टेशनवरून काढायचं आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाल. परमिटवर बेटांची नावं लिहिलेली असतात, म्हणजे अगत्तीचं परमिट घेऊन कवरत्तीला जाऊ असं चालत नाही, अर्जातच दोन्ही नावं टाक. टूर एजंटकडून किंवा तिकडच्या सरकारी टुरिझमकडून पॅकेज घेतलंस तर कागदपत्रांचं ते बघतात, पण पॅकेजवाल्यांना पिट्टी विचारलंस तर बहुतेक जण गप्पच होतात कारण ते त्यांच्या यादीत नसतं.

आता जायचं कसं. फ्लाय९१ चं विमान मोपा ते अगत्ती २०२४ मध्ये सुरू झालं, त्याआधी आपल्याला कोचीला जाऊनच पुढे जावं लागायचं. वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं ते तेवढं बघून घे. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही बाजूंना समुद्र, त्यामुळे एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात आणि सामानाच्या वजनाचं कडक असतं. मोठी लेन्स, ट्रायपॉड, दुर्बिणी असं सगळं घेणार असशील तर कपडे कमी कर. उतरताना खिडकीतून जो रंग दिसतो ना पाण्याचा, त्यासाठी बाबांना खिडकी दे.

अगत्तीहून कवरत्तीला स्पीड वेसल असते, दोन-अडीच तास धर. दुसरा मार्ग कोचीहून जहाजाने थेट कवरत्ती, एक रात्र जाते, पण मोठं जहाज असल्यामुळे बोट लागणाऱ्याला ते जास्त सोपं पडतं. बाबांचं बघून ठरव. मला विचारशील तर जाताना विमान आणि येताना जहाज केलंस तरी हरकत नाही, कोचीहून मडगावला ट्रेन आहेच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव, परतीचं विमान आणि कवरत्तीहून निघणारी बोट एकाच दिवशी ठेवू नकोस. वारा वाढला की वेसल रद्द होते आणि मग कुणाचंच काही चालत नाही. मध्ये मोकळे दिवस ठेव, ते वाया जात नाहीत, लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ शांत पाण्यात, पाय सोडून बसलं तरी वेळ कसा जातो कळत नाही.

कॅश जवळ ठेव. दारू बंगारम बेट सोडून कुठेही चालत नाही, बॅगेत चुकूनही नको. प्रवाळाचा तुकडा उचलायचा नाही, किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरी नाही, परत येताना बॅगा तपासतात.

उतरण्याबद्दल आणि तंबूबद्दल ज्यांना पक्ष्यांतलं कळतं त्यांनी लिहावं, माझ्या मते तंबू विसर.

चोडणची सुरय

सत्तरीकर, तुमच्या बाबांबद्दल वाचून खूप बरं वाटलं आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते, राग मानू नका. पिट्टीवर उतरायचं मनातून काढून टाका. रात्र राहण्याचा तर प्रश्नच येत नाही. परवानगी मिळते की नाही हा पुढचा भाग, मिळाली तरी उतरू नका असं मी सांगेन.

कारण समजून घ्या. सव्वा हेक्टर म्हणजे किती तर आपल्याकडे एखादं मध्यम भाट (नारळाची बाग)सुद्धा त्याहून मोठं असतं. तेवढ्या वाळूवर सूटी टर्न, ब्राऊन नॉडी, मोठे तुरेवाले टर्न हे सगळे येतात. घरटं म्हणजे काय, वाळूत एक उथळ खळगा, कधी तोही नाही. सूटी टर्न एका वेळी एकच अंडं घालते. ते अंडं वाळूच्याच रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं, त्यामुळे चालताना पायाखाली येतं आणि कळतही नाही. पण पायाखाली येणं ही लहान गोष्ट आहे. खरा घात वेगळा होतो. माणूस उतरला की सगळी वसाहत एकदम उडते, हजारो पक्षी डोक्यावर कलकलाट करत फिरतात, फोटो मस्त येतात, आणि त्या वेळात खाली अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं उघड्या उन्हात पडलेली असतात. तिथे सावली नाही. आई-बाप अंड्यावर बसतात ते फक्त ऊब द्यायला नाही, सावली करायला बसतात. दुपारच्या तापलेल्या वाळूवर थोडा वेळ जरी अंडं उघडं राहिलं तरी आतलं संपतं. आपण अर्धा तास फिरून आनंदाने बोटीत बसतो आणि मागे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही.

आणि हा पक्षी एका अंड्यासाठी काय काय करतो ते ऐका. सूटी टर्नचं पिल्लू एकदा उडालं की पुढची काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. त्याची पिसं बाकीच्या समुद्रपक्ष्यांसारखी पाणी नीट झटकत नाहीत म्हणून पाण्यावर फार वेळ बसताही येत नाही, हवेतच राहतो, खातो हवेतून खाली येऊन, झोपही उडता उडताच होते असं मानतात. पहिल्यांदा अंडी घालायला परत येतो तेव्हा पाच-सहा वर्षांचा झालेला असतो. एवढ्या वर्षांत त्याला जमीन लागते ती फक्त यासाठी. अख्ख्या अरबी समुद्रात त्याला उरलेल्या ज्या थोड्या सुरक्षित जागा आहेत त्यातली ही एक आहे, त्यामुळे ती जागा त्याच्यासाठी सोडायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली अभयारण्यात शिरायला चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची परवानगी लागते. अर्ज कवरत्तीच्या पर्यावरण आणि वन खात्याकडे करायचा. आणि आता नुसतं बेट नाही, २०२० मध्ये आजूबाजूच्या समुद्रासकट पी. एम. सईद मरीन बर्ड्स कन्झर्व्हेशन रिझर्व्ह जाहीर झालाय. म्हणजे बोटीने जवळ जायचं असेल तरी खात्याला विचारूनच जा, कवरत्तीला कुणी बोटवाला "चला मी नेतो" म्हणाला म्हणून निघू नका.

मग बघायचं कसं? बोटीतून, लांबून. अर्जात स्वच्छ लिहा की उतरायचं नाही, बोटीतून निरीक्षण करायचंय, माणसं किती, तारखा कुठल्या. अंडी-पिल्लं कधी आहेत, बोट किती लांब ठेवायची हे ते सांगतील ते ऐका. संध्याकाळी परतणारे थवे तुम्हाला बोटीतून जास्त छान दिसतील कारण ते सगळ्या बाजूंनी समुद्रावरूनच येतात. ड्रोन नको. भोंगा नको. पक्षी उडायला लागले तर बोट मागे घ्यायला सांगा, तुम्हीच सांगा, बोटवाला सांगेल याची वाट बघू नका.

सत्तरीकर

ताई, राग कसला, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, तंबू कॅन्सल, उतरणं कॅन्सल, ते म्हणाले आपण पाहुणे, उंबऱ्याबाहेरूनच बघू. फोटोंचा प्रश्न आहे, माझ्याकडे ४०० ची लेन्स आहे, बोटीतून चालेल का? आणि समुद्र कधी शांत असतो ते अजून कुणी सांगितलं नाही.

केरी तेरेखोल

समुद्राचं मी सांगतो, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या आहेत, माझे मामा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते.

साधं गणित, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ना, तिकडचा दर्या त्याच्या आधीच बिघडायला लागतो. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नावच काढू नको. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे मोकळं झालं असंही नाही, लाट बसायला वेळ लागतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत अरबी समुद्रात वादळं होतात, ओखी आठवतं का, २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, लक्षद्वीपला केवढं नुकसान केलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे शॅकपण पाण्यात गेले. म्हणून माझा सल्ला जानेवारी ते मार्च. त्यातपण पहाटे निघायचं, दुपारनंतर वारा उठतो आणि येताना तोंडावर लाट घेत यावं लागतं. पिट्टीला लगून नाही, म्हणजे बेटाभोवती आडोसा नाही, लाट थेट प्रवाळाच्या रीफवर फुटते. कवरत्तीच्या लगूनमध्ये पाणी ताटासारखं सपाट दिसलं म्हणून बाहेर पण तसंच असेल असं समजू नको.

बोट बघताना लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, दुसरं इंजिन किंवा बरोबर दुसरी बोट आहे का, व्हीएचएफ रेडिओ आहे का हे विचार. तिकडचे लोक समुद्रातले वाघ आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव, आणि तांडेल आज नको म्हणाला की आज नको, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, जास्त पैसे देतो म्हणायचं नाही.

अजून एक, पक्षी बघायला जाताय तर हे पण बघा. तिकडे कुपा पकडतात, टूना, आणि तो जाळ्याने नाही, एक-एक गळाने, काठीला दोरी बांधून. आधी लगूनमध्ये बारीक मासळी पकडून जिवंत ठेवतात, मग कुप्याचा थवा दिसला की ती पाण्यात सोडतात, वरून पाणी शिंपडतात आणि बोटीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे राहून सटासट ओढतात. पण थवा शोधतात कसा तर पाखरांवरून! कुपा खालून बारीक मासळीला वर ढकलतो, ती पृष्ठभागावर आली की टर्न आणि नॉडी वरून तुटून पडतात, आणि तांडेल लांबून पाखरं बघून बोट वळवतो. आमच्या इथेपण तसंच करतात. म्हणजे कुपा संपला तर पाखरांना खायला वर काही येणार नाही, आणि पाखरं संपली तर मच्छीमाराचे डोळे गेले. बाबांना ते दाखवा, कवरत्तीत मच्छीमारांशी ओळख काढून बोला, शाळामास्तर आहेत म्हटल्यावर त्यांना खूप मान देतील.

भटक्या मडगावकर

४०० भरपूर झाली. ट्रायपॉड घरी ठेव, हलत्या बोटीत त्याचा उपयोग नाही, उलट इंजिनची थरथर कॅमेऱ्यात जाते. हातात धर, शटर १/२००० च्या वर ठेव, आणि कॅमेऱ्याला खाऱ्या तुषारांपासून प्लॅस्टिकची पिशवी. काळा पक्षी आणि मागे चकाकतं पाणी, त्यामुळे एक्सपोजर थोडं वाढव नाहीतर नॉडीचा नुसता काळा आकार येईल, डोक्यावरची फिकट टोपी दिसणारच नाही.

अस्नोड्याची वहिनी

प्लॅनिंगमध्ये एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. घरातलं किंवा बरोबर येणारं कुणी पोर्तुगीज पासपोर्टवाले, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे) असतील तर त्यांना भारतीयांचं परमिट चालत नाही, परदेशी नागरिकांचे नियम वेगळे आणि त्यांना सगळी बेटं खुली नसतात. आपल्या गोव्यात हे घरोघरी आहे, आमच्या ग्रुपमध्ये हे शेवटच्या घडीला लक्षात आलं आणि एका जोडप्याला मागे राहावं लागलं, फार वाईट वाटलं. आधीच बघून घ्या.

आणि कवरत्तीत पाणी जपून वापरा हो. बेटावर नदी नाही, ओढा नाही, वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो तेवढाच. २००५ मध्ये तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प सुरू झाला, खोल समुद्रातलं थंड पाणी वापरून करतात, दिवसाला लाखभर लिटरचा. बघण्यासारखी गोष्ट आहे, पण हॉटेलात शॉवर सोडून उभं राहताना आठवण ठेवावी. कपडे अंगभर ठेवा, गावातले लोक धार्मिक आहेत आणि फार प्रेमळ आहेत. उज्रा मशिदीचं लाकडी कोरीव काम चुकवू नका.

मांडवीकाठ

मी जरा वेगळा मुद्दा मांडतो. पिट्टीची परवानगी न मिळणं किंवा मिळूनही समुद्रामुळे न जाता येणं हे अगदी शक्य आहे, म्हणून ट्रिप फक्त पिट्टीसाठी आखू नका, पिट्टी झालं तर झालं अशी आखा. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं समुद्रगवत चरताना दिसतात, मोरजी-आगोंद-गालजीबागला आपण ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतो पण पाण्यातलं कासव शांतपणे चरताना बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. प्रवाळ बघा, पण काय बघतोय ते माहीत असू दे. १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४, इतक्या वेळा पाणी तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलंय. बेटं उभी आहेत ती त्या प्रवाळावर. वाळू तिथूनच येते, लाट तिथेच अडते. बंगारमजवळचं परळी नावाचं एक छोटं निर्मनुष्य बेट पूर्ण झिजून गेलं हे २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि पिट्टी तर त्याहूनही उघडं आहे, झाडाचं एक मूळसुद्धा वाळू धरून ठेवायला नाही. त्यामुळे ज्यांना शक्य आहे त्यांनी आत्ता बघून यावं, आणि तिथे काय दिसलं, किती पक्षी, कुठले, अंडी होती का, हे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवावं. बाबांसारख्या जुन्या निरीक्षकाची एक नीट नोंद खूप मोलाची असते, अशा जागी जाणारेच कमी.

आणि सरावासाठी म्हणून आधी वेंगुर्ला रॉक्सकडे एक फेरी मारा. वाळपईहून लांब नाही, निवती किंवा वेंगुर्ल्याहून बोट मिळते, किनाऱ्यापासून साधारण १४-१५ किलोमीटर आत. तिथल्या बर्न्ट आयलंडच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेची घरटी करणाऱ्या, त्या घरट्यांची सूपसाठी चोरटी विक्री व्हायची, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वर्षानुवर्षं राखण करून ती थांबवली. तिथेही खडकावर चढू नका, गुहेत तर अजिबात नको, पण बोटीतून टर्न दिसतात, डॉल्फिन दिसतात आणि मुख्य म्हणजे उघड्या समुद्रात दोन-तीन तास बाबांना कसं जातं ते कळेल. तिथे जमलं तर पिट्टीचा अर्ज करा.

सत्तरीकर

मांडवीकाठ, हे फार पटलं. बाबा लगेच तयार झाले, त्यांनी वहीत पानं आखून ठेवलीसुद्धा. तर आता असं ठरवतोय, दिवाळी होऊन समुद्र बसला की निवतीहून एक फेरी, ती नीट झाली की पोलिस क्लिअरन्स आणि परमिटचा अर्ज, अगत्ती आणि कवरत्ती दोन्ही नावं टाकून, बरोबरच वन खात्याला वेगळं पत्र, फक्त बोटीतून निरीक्षण, तीन माणसं, फेब्रुवारीतल्या तारखा. जाताना मोपाहून विमान आणि येताना जहाजाने कोची. आमच्यापैकी कुणी ओसीआय नाही, ते बरं झालं. वन खात्याला पत्र इंग्रजीत लिहायला लागेल ना? नमुना कुणाकडे आहे का?

चोडणची सुरय

हो, इंग्रजीत लिहा. नमुना माझ्याकडे आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवते. त्यात बाबांची पक्षी निरीक्षणाची वर्षं, आधी कुठे कुठे नोंदी केल्यात ते नक्की घाला, आणि परतल्यावर नोंदींची प्रत खात्याला देऊ असं एक वाक्य टाका. दिलीत तर खरंच द्या, तिकडच्या लोकांना अशा नोंदी हव्या असतात.

केरी तेरेखोल

निवतीला जायच्या आधी मला सांग, तिकडे आमचे पाहुणे आहेत, चांगला तांडेल बघून देतो. बाबांना बोट लागायची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, बोटीत बसल्यावर देऊन उपयोग नाही, पण बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरना विचार. रिकाम्या पोटी आणायचं नाही, थोडी पेज किंवा सुकी भाकरी खाऊन यायचं, आणि बसायला मागची मधली जागा, नजर लांब क्षितिजावर. दुर्बीण सारखी डोळ्याला लावून ठेवली की जास्त लागते, हे त्यांना तूच समजाव.